पंचवीस वाटाणे

बांदा हे काही कुणी मुद्दाम पाहायला जावे असे गाव नव्हे. मुंबईहून गोव्याला निघालेली मंडळी सावंतवाडी मागे पडली की पत्रादेवीची वाट पाहू लागतात. पत्रादेवी आली म्हणजे गोवा आला. या दोहोंच्या मध्ये तेरेखोल नदीच्या काठाला धरून एक जुने बाजाराचे गाव बसलेले आहे, याची मोटारीतल्या प्रवाशाला दखलही नसते. मीही तिकडे निसर्गशोभेसाठी जात नाही. माझी आत्या तिथे राहते, म्हणून जातो. यंदाच्या मे महिन्यात मात्र मी गेलो तो थोडा तोंड लपवीत गेलो.

त्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. आमची कन्या अडीच वर्षांची. आम्हांला उशिरा झालेली, त्यामुळे तिच्या संगोपनात प्रेमाइतकाच पुस्तकी भाग फार. दूधभात आणि बिस्किटे यांपलीकडे ती कशाला तोंड लावीत नसे. मुलांना धान्यात, कडधान्यात हात घालून खेळू द्यावे, बोटांना वळण लागते, अन्नाची भीती जाते, असे मी कुठेतरी वाचले. प्राध्यापकाला वाचलेल्याचा प्रयोग करण्याची खुमखुमी असते. एका रविवारी मी परातीत चवळी, वाटाणे आणि राजमा ओतला, दोन वाट्या दिल्या आणि कन्येला बसवून दिले. सौ. बाजारात गेली होती. मुलगी इतकी रमली की मला वाटले, तोवर दोन उत्तरपत्रिका तपासून घ्याव्यात. दोनाच्या पाच झाल्या. हाक ऐकू आली तेव्हा कन्या नाकपुडीत बोट घालून रडत होती आणि चवळीचा एक दाणा आत गेला होता.

पुढचा तास मी विसरणार नाही. शेजारचे एक गृहस्थ चिमटा घेऊन आले, दुसऱ्यांनी नाकात पाणी सोडा म्हणून सांगितले. सुदैवाने तेवढ्यात सौ. परतली आणि तिने कुणालाच हात लावू दिला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावले, ते प्रत्येक घरात ठाऊक असावे. कोरडे कडधान्य नाकात गेले की आतल्या ओलाव्याने फुगते, आणि वरून पाणी घातले तर अधिकच. चिमट्याने वा पिनेने कोरू गेले तर दाणा आत सरकतो. तो श्वासनलिकेत उतरला तर जिवावर बेतते. त्यांनी सौ.ला मुलीच्या तोंडावर तोंड ठेवायला सांगितले, मोकळी नाकपुडी स्वतः बोटाने दाबून धरली आणि म्हणाल्या, "आता एक जोराची फुंकर." दाणा टपकन गालावर आला. न्यू जर्सीतल्या एका डॉक्टरने १९६५ साली ही युक्ती प्रथम लिहून ठेवली, असे मी पुढे वाचले. अर्थात ती घरी करून पाहण्याची नव्हे, डॉक्टरांच्या देखरेखीची गोष्ट आहे.

सौ. मला एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कडधान्याचे सगळे डबे सर्वांत वरच्या फळीवर गेले, आणि त्यानंतर दोन महिने मी कन्येजवळ असलो की सौ. काही ना काही निमित्ताने त्याच खोलीत असे. भांडण परवडले असते.

अशा मनःस्थितीत आम्ही ठाण्याला कोकणकन्येत बसलो, सकाळी मळगावच्या सावंतवाडी रोड स्थानकावर उतरलो आणि रिक्षाने बांद्याला पोचलो. आत्या अंगणातच होती. "इलंस रे! चेडू मोठा झाला मां!" म्हणून तिने कन्येच्या गालावरून हात फिरवला आणि पुन्हा कामाला लागली.

काम म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मे महिन्यातले कोकणातले अंगण ज्याने पाहिले नाही त्याला ही बेगमी नुसत्या शब्दांनी कळायची नाही. एका चटईवर आमसुले, एकीवर सांडगी मिरच्या, आणि बाकीच्या साऱ्या जागेत कडधान्ये. विटकरी कुळीथ, पांढरी चवळी, हिरवे मूग, आणि आमच्या भागाचा मानाचा पाहुणा काळा वाटाणा. कुळथाचे मला लहानपणापासून कौतुक आहे. भात कापून झाले की शेतात जी थोडी ओल उरते तिच्यावर तो पेरायचा. वरून पाणी मागत नाही, खत मागत नाही. उलट त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जंतू हवेतला नत्र धरून जमिनीला देतात. पाहुण्याने घरात येऊन उलट धान्य ठेवून जावे, तसा हा प्रकार! ऊन दिलेली कडधान्ये राख चोळून मडक्यात भरायची, म्हणजे कीड लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तेरेखोलीला पूर येऊन बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हा आत्याची खालची दोन मडकी गेली. तेव्हापासून सारी बेगमी माळ्यावर असते.

कन्या अर्थातच थेट त्या चटयांकडे धावली. सौ.ने तिला झडप घालून उचलले. मग आत्याला सारी हकीकत सांगणे आले. ती मीच सांगितली. सांगताना मान वर केली नाही. आत्याने सूप खाली ठेवले. "पोरग्याक कडधान्य दिलंस ता बरा केलंस," ती म्हणाली. "पण उठान गेलंस कित्याक?"

दोन महिने जो प्रश्न घरात सांदीकोपऱ्यांत दडून बसला होता, तो असा भर अंगणात उभा राहिला. माझ्याजवळ उत्तर नव्हते. सौ. कन्येला कडेवर घेऊन तिथेच पायरीवर बसली.

आत्या पंचवीस वर्षे अंगणवाडी चालवून निवृत्त झालेली आहे. अंगणवाड्यांची सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. पण हा विचार त्याहून जुना. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरीबाईंची घोटीव लाकडी साधने खेड्यात परवडणार कुणाला? या दोघींनी बिया, शंख-शिंपले, खडे, पाने, माती हीच साधने केली. वर्गात मी हे नाव-सालांसकट सांगतो. आत्याला सालेबिले सांगता येणार नाहीत. पण तिचा हात ते सारे जाणतो.

पहिले दोन दिवस तिने कन्येला सुटा दाणा दिलाच नाही. जुन्या लुगड्याच्या चार चिमुकल्या पिशव्या शिवल्या, दुहेरी टाक्याच्या. एकीत मूग, एकीत कुळीथ, एकीत चवळी, एकीत वाटाणे. कन्या त्या दाबी, कानाशी हलवी, डोक्यावर ठेवून पाडी. कुळथाची पिशवी तिला झोपतानाही लागू लागली. तिसऱ्या दिवशी आत्याने तिला मांडीवर घेतले आणि तिचा हात कोपरापर्यंत कुळथाच्या मडक्यात बुडवला. ती चमकली, मग खुदकन हसली. इतक्या गार, निसटत्या वस्तूत तिचा हात यापूर्वी कधी गेला नसावा. मग आत्याने सुपातले मूग तांब्याच्या कळशीत धारेने ओतले. आवाज ऐकून कन्येने आभाळाकडे पाहिले आणि म्हणाली, "पाऊस." अंगणात लखलखीत ऊन होते. सौ. मोठ्याने हसली. तिचे ते हसणे मी फार दिवसांनी ऐकले.

त्यानंतर वाटाण्यांची पाळी आली, आणि इथे आत्याची शिस्त कळली. बरोबर पंचवीस काळे वाटाणे. मोजून द्यायचे, करवंटीतून करवंटीत पळीने खेळू द्यायचे, आणि मोजून परत घ्यायचे. पंचवीस भरल्याशिवाय मोठ्या माणसाने जागचे हलायचे नाही. दारात कुणी आले तर आधी वाटाणे उचलायचे, मग पाहुण्याला बसा म्हणायचे. आणि माणूस हाताच्या अंतरावर हवा. खोलीच्या अंतरावरचा चालत नाही. गुंजा तर तिने घरात ठेवलेल्याच नाहीत. त्या लाल-काळ्या बिया लहान मुलाला फार मोहात पाडतात, पण गुंज जहाल विषारी. चावून पोटात गेली तर फार वाईट. कच्च्या राजम्याचेही तसेच आहे. तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नंतर खळखळून उकळायचा. उकळी निदान दहा मिनिटे टिकली पाहिजे. मी परातीत कच्चा राजमा ओतला होता हे ऐकून आत्याने कपाळाला हात लावला.

खेळून झालेले वाटाणे धुऊन संध्याकाळी भिजत पडत. सकाळी कन्या त्यांना पाहायला स्वयंपाकघरात जाई आणि ते फुगलेले पाहून चकित होई. मुगांना मोड आले त्या दिवशी तर "शेपटी, शेपटी" म्हणून तिने घर डोक्यावर घेतले. ओळख अशी झाल्यावर जेवणाचे प्रकरण जरा सोपे झाले. वाटाण्यांची आमटी आमच्याकडे कांदा-खोबरे भाजून केलेल्या वाटपाची, आंबोळ्यांबरोबर खायची. पण मसाला घालण्यापूर्वी आत्या वाटीभर शिजलेले वाटाणे काढून ठेवी, बोटांनी चिरडून सालपटे काढी आणि मऊ भातात कालवी. अख्खा दाणा त्या वयाला गिळायला देत नाहीत. कुळथाची पिठी त्याहून सोपी. भाजून दळलेले कुळथाचे पीठ पाण्यात कालवायचे, लसणीच्या फोडणीत सोडायचे, आमसूल आणि मीठ घालून घोटत राहायचे. मोठ्यांसाठी मिरची मागाहून. एकाच भांड्यात सर्वांचे जेवण, मुलासाठी वेगळी चूल नाही.

कन्येने पहिल्या दिवशी पिठीभाताचे तीन घास खाल्ले, दुसऱ्या दिवशी सगळे थुंकून टाकले. चमत्कार वगैरे काही झाला नाही. आत्या म्हणाली, "नको तर नको, परत उद्या." आठवड्याअखेर ती स्वतःच्या हाताने खाऊ लागली. अर्धे अंगावर, अर्धे जमिनीवर, पण खाऊ लागली.

निघताना आत्याने कुळथाचे पीठ, चार पिशव्या आणि कागदाच्या पुडीत पंचवीस काळे वाटाणे बांधून दिले. पुडी तिने सौ.च्या हाती न देता माझ्या खिशात घातली. सौ.ने ते पाहिले आणि काही बोलली नाही.

आता रोज संध्याकाळी अर्धा तास मी आणि कन्या चटईवर बसतो. गेल्या आठवड्यात मोजणीत चोवीसच भरले. माझ्या पोटात धस्स झाले. मुलीचे तोंड पाहिले, नाक पाहिले, मुठी उघडल्या. चटई झटकली. स्वयंपाकघरातून सौ. धावत आली, तिने हातातली पळीही खाली ठेवली नव्हती. आम्ही दोघे गुडघ्यांवर रांगत शोधत होतो आणि कन्या आमच्याकडे पाहून टाळ्या पिटत होती. शेवटी तिनेच बोट दाखवले. पंचविसावा वाटाणा माझ्या चपलेत, अंगठ्याच्या जागी नीट ठेवलेला होता. "बाबाला," ती म्हणाली.

सौ. पळी घेऊन परत गेली. गॅसवर पिठी होती, ती तळाला लागली होती.