पटावर हजर, वर्गात नाही

ज्या मुलानं वर्षभर आमच्या वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, तो फिटर ट्रेडच्या प्रॅक्टिकलमध्ये पास झाला. आणि ज्याच्या हातातली कानस चालताना मी हातचं काम सोडून बघत राहायचे, त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही. दोघं एकाच बॅचचे, एकाच पटावरचे. गोष्ट जुनी झाली, मी ती संस्थाही सोडली. पण परीक्षेचे दिवस जवळ आले की माझं डोकं अजून तापतं.

मी ग्वाल्हेरच्या लश्करची. पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग इन्स्ट्रक्टरचा वर्षभराचा सीआयटीएस कोर्स, आणि नंतर हजिऱ्यातल्या एका खासगी आयटीआयमध्ये वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायचे. बाड्यावरून टेम्पोनं हजिरा चौराहा, तिथून पायी. बाहेरून येणाऱ्यांना हजिरा माहीत असतो तो मुहम्मद गौसच्या मकबऱ्यामुळे आणि त्याच आवारातल्या तानसेनाच्या समाधीमुळे. इथल्या माणसांसाठी मात्र हजिरा म्हणजे जेसी मिल. बिर्लांची ही जियाजीराव कॉटन मिल नव्वदीच्या दशकात बंद पडली आणि थकलेल्या पैशांसाठी कामगारांची घरं वर्षानुवर्षं कोर्टाच्या चकरा मारत राहिली. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं त्याच घरांतली. आजोबा मिलमध्ये, बाप ई-रिक्षावर, पोरगा आयटीआयला.

फिटरला प्रवेशाची अट दहावी पास. पण दहावी झालेल्याला अपूर्णांक येतातच असं धरून वर्गात शिरलात, तर पहिल्याच आठवड्यात वर्ग हातातून जातो. फळ्यावर 1/4 आणि 1/8 लिहून मोठं कोणतं विचारलं, की अर्धा वर्ग 1/8 म्हणायचा, कारण चारापेक्षा आठ मोठे. मग मी फळा सोडला आणि स्टोअरमधून दोन ड्रिल आणले, एक पाव इंची, एक त्याच्या निम्म्याचा. डोळे मिटा, हातात घ्या, सांगा. त्यानंतर तो प्रश्न क्वचितच कुणाचा चुकला. सीआयटीएसमध्ये लेसन प्लॅन आणि डेमो प्लॅन नीट शिकवतात, त्याचा मला फायदाही झाला. पण वीस मुलांत धड कानशी तीनच असतील, तर डेमो संपल्यावर बाकीच्यांनी काय करायचं, हे कुठल्या प्लॅनमध्ये बसत नाही. मे महिन्यात पत्र्याची शेड भट्टीसारखी तापते, वीज गेली की लेथ थांबतो, ड्रॉइंगच्या तासाला निम्म्या मुलांकडे सेटस्क्वेअर नसतो. हे सगळं आम्ही निभावतो. त्याबद्दल माझं रडगाणं नाही.

ज्याला परीक्षेला बसू दिलं नाही, तो मुलगा मालनपूरच्या एका कारखान्यात रात्रपाळीला पॅकिंगचं काम करायचा. सकाळी कंपनीची बस त्याला गोले का मंदिरला सोडायची, तिथून तो थेट वर्गात. पहिल्या तासाला त्याचे डोळे मिटायचे. सुरुवातीला मी त्याला उभं करायचे, पुढे त्याला खिडकीजवळची जागा दिली. वर्कशॉपमध्ये गेला की तोच मुलगा जागा व्हायचा. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये बांधायचा, पाय नीट रोवायचा आणि कानस अशी चालवायचा की आवाज एका सुरात यायचा. दर थोड्या वेळानं ट्राय स्क्वेअर लावून तुकडा उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेडाची रेघ दिसली की तेवढ्याच ठिकाणी दोन हात, पुन्हा उजेडासमोर. हे त्याला मी शिकवलेलं नव्हतं, मी तर गणिताची बाई. पण तिथेच उभी राहून मी माझे कितीतरी तास घेतले.

व्हर्नियरच्या तासाला एकदा मी पुरती थकले होते. मुख्य पट्टीवरचे 49 मिलिमीटर घेऊन सरकत्या पट्टीवर त्यांचे 50 भाग केले, म्हणजे प्रत्येक भाग 0.98, फरक 0.02, हे तीन वेळा सांगून झालं तरी चेहरे कोरेच. तेव्हा तो उठला आणि म्हणाला, “मॅडम, ये छोटा भाई है. हर कदम पे थोड़ा पीछे रह जाता है. जहाँ दोनों के पैर मिल गए, वहीं पढ़ लो.” पूर्ण वर्गाला कळलं. आजही व्हर्नियर मी त्याच्याच शब्दांत शिकवते.

आता मुख्य गोष्ट. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते. त्याची भरली 73. पात्र मुलांची यादी ऑफिसातून पोर्टलवर जाते, त्यात त्याचं नाव नव्हतं. हॉल तिकीट नाही, म्हणजे वर्ष गेलं. मी ऑफिसात गेले आणि हजेरीपट मागितला. रोज कोण आलं, काय शिकवलं, हे माझ्या डायरीत तारखेनिशी लिहिलेलं होतं. ते पटाशी ताडून बघितलं. पटावर अशी नावं होती जी माझ्या डायरीत एकदाही आलेली नव्हती. त्या मुलांचे चेहरे मी पाहिलेले नव्हते, आणि त्यांची हजेरी नव्वदच्या वर. इथे त्याला नॉन-अटेंडिंग म्हणतात. फी जास्त भरा, वर्गात येऊ नका, परीक्षेला या. ही मुलं कुठे असतात? मुरैना-भिंडकडच्या गावांत, नाहीतर रेल्वे भरतीच्या कोचिंगला. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीला आयटीआयचं सर्टिफिकेट चालतं, म्हणून त्यांना कागद हवा असतो, कानस नको असते.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली आणि तीच मला आजही सलते. जो वर्गात येतो, त्याचीच गैरहजेरी लागते. माझा विद्यार्थी वर्षभर येत होता, म्हणून ज्या दिवशी डबल ड्युटी लागून आला नाही, त्या दिवशी त्याच्या नावापुढे खाडा पडला. जे कधीच आले नाहीत, त्यांच्या नावापुढे खाडा पाडणार कोण? त्यांचा रकाना महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेननं भरला जायचा. शाईवरून दिसत होतं.

मी वाद घातला. हजेरीचा नियम आम्ही केलेला नाही, असं मला ऑफिसात सांगण्यात आलं. मी डायरी पुढे केली. डायरी हे अधिकृत रेकॉर्ड नाही, असं उत्तर आलं. मग त्या मुलालाच बोलावून सांगितलं गेलं, की नॉन-अटेंडिंगची वाढीव रक्कम भर, सात टक्के ‘ॲडजस्ट’ होतील. त्याच्याकडे थोडे पैसे होते, मीही काही द्यायला तयार होते. तो म्हणाला, “मॅडम, मैं तो आता था ना. फिर नॉन-अटेंडिंग का पैसा क्यों दूँ?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं पैसे भरले नाहीत. तो बरोबर होता असं मला तेव्हा वाटलं. पुढे वाटलं, भरून टाकले असते तर आज हातात सर्टिफिकेट असतं. आज विचाराल तर पुन्हा वाटतं, नाही, बरोबरच होता.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये होते. त्या अनोळखी मुलांपैकी एकानं हॅकसॉला पातं उलटं लावलं होतं, दाते मुठीकडे. पातं घसरत होतं, किंचाळत होतं. बाहेरून आलेले परीक्षक थांबले, पातं काढून उलटं करायला सांगितलं आणि पुढे गेले. प्रॅक्टिकलला पास व्हायला 60 टक्के लागतात. ते त्याला मिळाले. संध्याकाळी तोच मुलगा माझ्याकडे येऊन विचारतो, “मॅडम, दाँते आगे की तरफ क्यों रखते हैं?” मी त्याला हॅकसॉ धरायला लावली, पुढे ढकलताना कापतं, मागे घेताना मोकळं यायचं, हे करून दाखवलं. त्यानं फार लक्ष देऊन पाहिलं. हा मुलगा वर्गात असता तर शिकला असता. दिवसभर त्याच्यावर धरलेला राग मला तिथे टिकवता आला नाही.

देशात सुमारे 15,000 आयटीआय आहेत आणि त्यांतले तीन-चतुर्थांशांहून अधिक खासगी. सगळे असे नाहीत. पोटतिडकीनं शिकवणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. मध्यंतरी मी 80 टक्क्यांच्या नियमावरच तुटून पडायचे. आता तसं म्हणणार नाही. तो नियम नसता, तर कडाक्याच्या धुक्यात सकाळी निम्मा वर्ग आलाच नसता, आणि हात रोजच्या रोज चालल्याशिवाय बसत नाही. नियम राहू द्या, पण रात्रपाळी करणाऱ्या मुलासाठी वर्ग दुपारी लावा. आयटीआयला दुसरी पाळी चालवता येते. शेड तीच, व्हाइस तेच, आणि दुपारी ते रिकामेच असतात. मालनपूर आणि बानमोरच्या कारखान्यांतून सुटलेली मुलं सकाळी झोपतील आणि दुपारी जागी येतील. यात अवघड काय आहे, मला खरंच कळत नाही.

नव्या इन्स्ट्रक्टरांना मी एवढंच सांगते, की स्वतःची डायरी ठेवा आणि ती ऑफिसात जमा करू नका. माझ्या डायरीनं माझ्या त्या विद्यार्थ्याचं काही भलं झालं नाही, तरीही सांगते.

तो आता मालनपूरलाच आहे, दुसऱ्या कारखान्यात, मेंटेनन्समध्ये हेल्पर. काम फिटरचं करतो, पगार हेल्परचा घेतो. मी प्रवेशाच्या दिवसांत त्याला फोन करते. पहिल्यापासून पुन्हा बसायची त्याची तयारी नव्हती. यंदा म्हणाला, दुपारची बॅच सुरू झाली तर येतो. मी आता जिथे शिकवते तिथे तसा लेखी अर्ज दिला आहे, सोबत नावं, शिफ्टच्या वेळा आणि कोणते व्हाइस कधी रिकामे असतात याचा तक्ता. प्राचार्यांनी ठेवून घेतला आहे. पुढच्या सोमवारी मी पुन्हा जाऊन विचारणार आहे.