सिंदिया नावाचा थांबा

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

काही नावे आपल्या इतकी अंगवळणी पडतात की ती मुळात कोणाची, हे विचारायचेच राहून जाते. आम्हां सोलापूरकरांना ‘वालचंद’ हे असेच एक नाव. शाळा-कॉलेजांच्या पाट्यांवर ते लहानपणापासून दिसते. पण वालचंद हिराचंद दोशी नावाचा माणूस १८८२ साली याच गावात जन्मला आणि त्याने या देशात जहाजे बांधण्याचा ध्यास घेतला, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? मलाही ते कळले ते येथून शेकडो मैल दूर, समुद्रकाठच्या एका शहरात. तेही दुसऱ्याच एका नावामुळे.

आमच्या घरी तेलुगू बोलतात. सोलापुरातल्या पद्मशाली वस्तीत हे काही नवल नाही. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्हींची खिचडी, असेच आम्ही वाढलो. माझी धाकटी मावशी विशाखापट्टणमला दिली आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणार्क एक्सप्रेसने तिच्याकडे गेले होते. शहरातून बंदराच्या बाजूला जाताना बसचा कंडक्टर ओरडला, “सिंदिया! सिंदिया!” मी चमकले. ग्वाल्हेरचे शिंदे इंग्रजी कागदपत्रांत ‘सिंदिया’ झाले, हे इतिहासाच्या विद्यार्थिनीला माहीत असते. पण साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे हे आडनाव आंध्रच्या किनाऱ्यावर बसथांबा होऊन का उभे आहे?

मावशीचे यजमान तेथल्याच जहाजकारखान्यात वेल्डर होते. एकतीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले. रात्री जेवताना मी त्यांना विचारले, “काका, सिंदिया म्हणजे कोण?”

“कोण जाणे, अम्मा,” काका म्हणाले. “कारखाना काढणारा कोणी इंग्रज साहेब असेल.”

काकांचे काय चुकले? एकतीस वर्षांत त्यांना हे सांगायला कोणी आलेच नव्हते. मी मात्र सोलापूरला परतल्यावर ग्रंथालयात गंगाधर देवराव खानोलकरांनी लिहिलेले वालचंदांचे जाडजूड चरित्र शोधून काढले आणि एकामागून एक पुस्तके धुंडाळत गेले. जे हाती लागले ते येथे मांडते आहे.

पहिले महायुद्ध संपल्यावर ‘लॉयल्टी’ नावाचे एक जहाज विकायला निघाले होते. युद्धात ते रुग्णालयाचे जहाज होते आणि मालक होते ग्वाल्हेरचे महाराज. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकत घेतले आणि १९१९ मध्ये ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ उभी राहिली. नावाचे कोडे सुटले ते हे असे. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. त्या दिवसाची आठवण म्हणून आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. त्या काळी हिंदुस्थानचा किनारा म्हणजे ब्रिटिश कंपन्यांची जहागीरच होती. त्यांनी भाडी पाडून नव्या कंपनीला बुडवण्याचा प्रयत्न केला. सिंदिया तगली, पण एक गोष्ट वालचंदांच्या मनात रुतून बसली: जहाज चालवणे आपल्या हाती आले, तरी ते बांधणे जोवर दुसऱ्याच्या हाती आहे, तोवर आपण भाडेकरूच.

जहाजकारखान्यासाठी त्यांनी आधी कलकत्त्याचा विचार केला. तेथे बंदराच्या अधिकाऱ्यांशी अटी जुळल्या नाहीत. मग नजर गेली विशाखापट्टणमकडे. हे बंदर तेव्हा अगदी तरुण होते. बंगाल-नागपूर रेल्वेने मध्य प्रांतातले मँगनीज परदेशी पाठवण्याच्या हेतूने दलदल उपसून ते तयार केले होते. बंदराच्या तोंडाशी लाटा अडवायला भिंत हवी होती, म्हणून ‘जेनस’ आणि ‘वेलेडसन’ ही दोन जुनी जहाजे दगडधोंडे भरून तेथेच बुडवली. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी या बंदरात पहिले जहाज शिरले, ते सिंदियाचेच, ‘जलदुर्गा’. दक्षिणेला ‘डॉल्फिन्स नोज’चा डोंगर वादळाला पाठ देऊन उभा, आत शांत पाणी, मागे रेल्वे. जागा म्हणून आणखी काय हवे?

२१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कारखान्याची कोनशिला बसली. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते आणि जगभर जहाजांना सोन्याचे मोल आले होते. जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या. जितकी बुडतील त्याहून अधिक बांधणे हाच विजयाचा एक मार्ग होता. अशा वेळी नव्या जहाजकारखान्याला सरकारने डोक्यावर घेऊन नाचायला हवे होते, असे आपल्याला वाटेल.

ते तसे कोठे घडले, हे पाहायचे तर अमेरिकेत जायला हवे. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवर रिचमंड नावाचे गाव आहे. १९४० साली त्याची वस्ती तेवीस-चोवीस हजार होती. तेथल्या चिखलात हेन्री कायझर या कंत्राटदाराने जहाजकारखाना उभारला. योगायोग असा की कायझरचाही जन्म १८८२ चा. त्याने रस्ते केले, हूवर धरणाच्या बांधकामात भाग घेतला. वालचंदांनी लक्ष्मणराव फाटकांबरोबर बार्शी लाइट रेल्वेचे काम केले, पुढे बोरघाटातले बोगदे खणले. दोघेही कंत्राटदार, दोघांनाही जहाजे बांधण्याचा अनुभव शून्य, आणि पुढे दोघेही मोटारींच्या धंद्यात उतरले. डिसेंबर १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने अमेरिकेकडे साठ मालवाहू जहाजांची मागणी नोंदवली. त्यांपैकी तीस रिचमंडच्या वाट्याला आली. ऑगस्ट १९४१ मध्ये पहिले जहाज पाण्यात उतरलेसुद्धा. मग अमेरिकन सरकारच्या पैशाने एकाचे चार कारखाने झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली, हजारो बायका वेल्डिंग शिकल्या, गाव बघता बघता चौपट झाले. रिव्हेटऐवजी वेल्डिंग आणि मोठमोठे भाग आधीच जुळवून क्रेनने उचलून बसवायचे, ही तेथली युक्ती. नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे जहाज कणा ठेवल्यापासून साडेचार दिवसांच्या आसपास पाण्यात उतरवून त्यांनी जगाला थक्क केले. युद्ध संपेपर्यंत रिचमंडच्या चार कारखान्यांनी ७४७ जहाजे बांधली.

आणि विशाखापट्टणमने? एकही नाही.

हा आकडा वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. ज्या ब्रिटिश सरकारला जहाजांची इतकी निकड होती की ती त्याने समुद्रापलीकडे एका नवख्या कंत्राटदाराकडून बांधून घेतली, त्याच सरकारच्या राज्यात दुसरा कंत्राटदार कारखाना घेऊन उभा होता. पण हिंदुस्थानकडून सरकारला हवी होती ती जहाजदुरुस्ती आणि छोट्या नौका. मोठी सागरी जहाजे येथे बांधली गेली तर युद्धानंतर ती कोणाच्या मालकीची असतील, हा प्रश्न ब्रिटिश जहाजकंपन्यांना नक्कीच सुचत असणार. जानेवारी १९४२ मध्ये सिंदियाची ‘जलराजन’, ‘जलतरंग’ आणि ‘जलपालक’ जपानी पाणबुड्यांनी बुडवली. ६ एप्रिलला जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले. शहर भराभर रिकामे झाले आणि अर्धवट कारखान्यातले काम थंडावले.

पुढच्याच वर्षी बंगालात माणसे अन्नावाचून मरू लागली. धान्य पाठवा, अशी मागणी दिल्लीहून लंडनला वारंवार जात होती आणि उत्तर येत होते, जहाजे नाहीत. सरकारी चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांचा आकडा पंधरा लाख धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला. विशाखापट्टणमला चार जहाजे तयार असती तर हा दुष्काळ टळला असता, असे भाबडे विधान मी करणार नाही. ती जहाजेही सरकारने आपल्या कामाला जुंपली असती. पण ‘जहाजे नाहीत’ हे शब्द वाचताना तो अर्धवट कारखाना डोळ्यांपुढे येतोच. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोट होऊन हाहाकार माजवणारे ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाजही कॅनडात बांधलेले होते. त्या स्फोटाने सिंदियाचे ‘जलपद्म’ उचलून धक्क्यावर फेकले गेले. आपल्या बंदरात आलेले मरणसुद्धा दुसऱ्याच्या जहाजातून आले.

युद्ध संपले. रिचमंडचे काम संपले आणि कारखाने बंद पडले. विशाखापट्टणमचे काम खऱ्या अर्थाने आता कोठे सुरू झाले. १४ मार्च १९४८ रोजी, गांधीजींच्या हत्येला जेमतेम दीड महिना झाला असताना, पंडित नेहरूंनी तेथले पहिले जहाज पाण्यात सोडले. आठ हजार टन माल वाहणाऱ्या त्या जहाजाचे नाव ‘जलउषा’. उषा! युद्धासाठी मुहूर्त धरलेल्या कारखान्याची पहाट स्वतंत्र देशात झाली.

पण पुढची कथा निव्वळ आनंदाची नाही. ब्रिटनमध्ये बांधलेले जहाज आपल्याहून स्वस्त पडे आणि तोटा सोसण्याची ताकद सिंदियाकडे नव्हती. १९५२ मध्ये सरकारने कारखान्याचा दोन-तृतीयांश हिस्सा घेतला आणि त्याचे नाव ‘हिंदुस्थान शिपयार्ड’ झाले. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये वालचंद गेले. ते आधीच पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते. १९६१ मध्ये उरलेला हिस्साही सरकारकडे आला. सिंदिया कंपनीच्या जहाजांचेही दिवस पुढे संपले. कारखाना मात्र चालू राहिला. त्याने दीडशेहून अधिक लहानमोठी जहाजे बांधली. २०१० पासून तो संरक्षण मंत्रालयाकडे आहे आणि २०२१ मध्ये नौदलात दाखल झालेले ‘ध्रुव’ हे क्षेपणास्त्रांचा माग घेणारे जहाज तेथलेच.

कारखान्यात जाण्याची परवानगी मला मिळाली नाही. काकांनी मला रॉस हिलच्या टेकडीवर नेले. खाली बंदराची अरुंद खाडी, पलीकडे डॉल्फिन्स नोज आणि आत दूरवर क्रेनच्या माना. काका बोट दाखवून कोणती क्रेन कशाची ते सांगत होते. “आत उन्हाळ्यात पत्रा इतका तापतो, अम्मा, की त्यावर भाकरी भाजावी. जहाज पाण्यात उतरते त्या दिवशी मात्र सगळे विसरायला होते. तोरणे, बँड, मंत्री... आम्ही मागे उभे. पण ते सरकू लागले की आमच्यातली म्हातारी माणसेसुद्धा रडायची.” सोलापूरहून मी फोनवर ‘सिंदिया’चा अर्थ सांगितला, तेव्हा काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे साहेब नव्हताच तर! आपलाच माणूस. आधी कळले असते तर पोरांना सांगितले असते.”

काकांच्या या वाक्याने मला आमच्या आजोबांची गिरणी आठवली. ती बंद पडली, यंत्रे भंगारात गेली, जागेवर प्लॉट पडले. रिक्षावाले अजून ‘गिरणीजवळ’ म्हणतात. पण त्या भोंग्यावर किती घरांचे घड्याळ चालत होते, हे लिहून ठेवलेले मला कोठे आढळले नाही. रिचमंडच्या लोकांनी हे काम आस्थेने केले आहे. त्यांच्या कारखान्यांचा परिसर २००० सालापासून राष्ट्रीय स्मारक आहे, तेथेच बांधलेले ‘रेड ओक व्हिक्टरी’ हे जहाज तेथे जपून ठेवले आहे. युद्धकाळात कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या कामगार संघटनेच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या बेटी रीड सॉस्किन यांनी म्हातारपणी त्याच स्मारकात मार्गदर्शक म्हणून काम केले. गोऱ्या बायकांच्या गौरवकथेत आपली कथा येत नाही, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्यांना ठामपणे सांगत. २०२२ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांचे वय शंभर होते.

मित्रहो, आपल्या परीक्षेत दुसऱ्या महायुद्धाची कारणे आणि परिणाम विचारतात. आपण पाठ केलेले मुद्दे लिहितो आणि गुण मिळवतो. ७४७ हा आकडा अशा उत्तरात ऐटीत बसतो. शून्याला मात्र कोणी गुण देत नाही. जे घडले त्याची मोजदाद होते, जे घडू दिले नाही त्याची होत नाही. गुलामीत काय गेले याचा हिशेब मांडताना आपण लुटलेल्या संपत्तीची यादी करतो. हातात कसब, पैसा, जागा, माणसे सारे असूनही जी कामे करूच दिली नाहीत, त्यांचे रकाने कोरे राहतात. ते भरायला सरकारी दप्तर पुरणार नाही. त्यासाठी एकतीस वर्षे पत्रा जोडलेल्या आणि चाळीस वर्षे मागावर उभ्या राहिलेल्या माणसांजवळ वही घेऊन बसावे लागेल. ही माणसे आपल्याच घरांत आहेत आणि दर वर्षी थोडी थोडी कमी होत आहेत. मी आजोबांपासून सुरुवात केली आहे.