तोळाभर दोरी

पवईच्या तलावावर गळ टाकणाऱ्यांची जमात जुनी. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन तर १९५५ पासूनची. कणकेचा गोळा, गळ, शिसं आणि मग बसून राहणं. त्यांच्यात माशीवाला म्हणजे जरा आगाऊच. त्याच्या गळाला पिसा-दोऱ्याची माशी बांधलेली, तिला वजनच नाही. नुसती भिरकावली तर पायाशी पडेल. म्हणून वजन दोरीत भरतात. काठी दोरी फेकते, माशी तिच्यामागून जाते. वेसाव्याच्या कोळ्याला हे समजावून सांगायला नको. पागाच्या कडेला ओवलेलं शिसंच जाळं घेऊन जातं.

‘शूटिंग हेड’ प्रकारच्या दोरीत हे वजन पुढच्या नऊएक मीटरांत, म्हणजे हेडमध्ये, एकवटलेलं असतं. मागची दोरी बारीक. हेड उडालं की ती सरसर निघून जाते. दोरीचा नंबर तिच्या वजनावरून ठरतो: सात नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं प्रमाण वजन १८५ ग्रेन. आपला जुना तोळा १८० ग्रेनचा. म्हणजे फेकायचं ते जेमतेम तोळाभर. भाव सोन्याचा नाही, तरी घरी सांगताना आवाज खाली येतोच. काठीवर सात नंबर लिहिलेला असेल तर हेड आठ किंवा नऊचं घ्यावं, असा जुना ठोकताळा आहे. हल्ली मात्र नंबरावर विसंबू नये, डब्यावरचे ग्रेन वाचावेत.

हेड घेतात ते लांब पल्ल्यासाठी. पवईत मला पल्ल्याचं फारसं कौतुक नाही. इथली अडचण पाठीमागे असते: झाडं, कठडा, भेळ खात उभं राहिलेलं कुटुंब. साध्या दोरीला हवेत बरेच हेलकावे द्यावे लागतात, हेडचं एखाद-दुसऱ्यात भागतं. म्हणून हेड, आणि तेही आखूड, सात-आठ मीटरांचं. पाण्यात उतरून जागा करून घ्यावी, तर १८९१ साली बांधून झालेल्या या तलावात मगरी आहेत.

हेड तरंगतंच हवं. बुडतं हेड पाणवनस्पतींत गुंतलं की काठी, दोरी आणि माणूस तिघांची कसोटी लागते. शिवाय कटला वरच्या थरात चरतो. पण आखूड, जड हेड पाण्यावर धपकन आपटतं आणि मासा पसार होतो. त्यासाठी पुढचं टोक लांब निमुळतं असलेलं निवडावं आणि त्यापुढचं नायलॉन काठीपेक्षा लांब ठेवावं.

खरी मेख उकाड्यात आहे. तरंगत्या दोरीच्या प्लॅस्टिक आवरणात काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे असतात, त्यांच्यामुळे ती बुडत नाही. थंड नद्यांसाठी केलेलं आवरण आपल्या मे महिन्यात मऊ, चिकट पडतं आणि काठीच्या कड्यांत अडखळतं. ‘ट्रॉपिकल’ लिहिलेली, ताठ गाभ्याची दोरी घ्यावी. थंडीत ती वेटोळी धरते म्हणतात. मुंबईत तेवढी थंडी पडेल तेव्हा बघू.

नवं हेड मी आधी मुलुंडच्या मैदानावर फेकून बघतो, गळाऐवजी लोकरीचा झुपका बांधून. काठी फार वाकली तर मागच्या टोकाकडून वीतभर कापायचं, पुन्हा फेकायचं. इतक्या महागाच्या वस्तूला कात्री लावताना हात अडतो, पण इलाज नाही. मुलं जमतातच. ‘‘काका, पतंग कुठंय?’’ पतंग नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपतो. कापलेले तुकडे मात्र मागून घेऊन जातात.