डोक्याची फाईल, पोटाची फाईल

माझ्या धाकट्या बहिणीची अर्धशिशी नववीपासूनची. उन्हात प्रार्थनेला उभी राहिली की डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू व्हायचा. मग अंधाऱ्या खोलीत कपाळाला ओढणी करकचून बांधून ती पडून राही. घरात कुणाला त्याचं नवल नव्हतं. आईलाही तेच होतं.

एकतिसाव्या वर्षी तिला शौचातून रक्त पडू लागलं. मूळव्याध समजून चार महिने इसबगोल आणि मलमात गेले. दिवसाला आठ-दहा वेळा जावं लागे. ती साताऱ्यात शाळेत शिकवते. तास सोडून बाहेर पळावं लागेल या धास्तीने तिने सकाळचं खाणंच सोडलं. शेवटी पुण्यात कोलोनोस्कोपी झाली आणि आजाराला नाव मिळालं : अल्सरेटिव्ह कोलायटिस, मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण. मेसालामाइन सुरू झालं, रक्त थांबलं.

वर्षभराने ते पुन्हा सुरू झालं. गोळ्या वेळेवर, जेवण पथ्याचं, तरीही. त्याच काळात महिन्यातले सात-आठ दिवस डोकंही दुखत होतं. पोटाच्या डॉक्टरांकडे पोटाची फाईल, डोक्याच्या डॉक्टरांकडे डोक्याची. दुसरी फाईल कुणी मागितली नाही, आम्हीही नेली नाही. एका तरुण निवासी डॉक्टरांनी मात्र विचारलं, "ताई, डोकं दुखलं की काय घेता?"

डायक्लोफेनॅक. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, कधी दिवसाला दोन.

आतड्याच्या अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं अशा वेदनाशामकांमुळे घटतात आणि काही रुग्णांत आजार उसळतो. तिच्या बाबतीत कारण हेच, असं डॉक्टर ठामपणे म्हणाले नाहीत. गोळी मात्र त्यांनी बंद केली. तपासणीत हिमोग्लोबिन ८ निघालं. रक्तक्षयानेही डोकं दुखतं, म्हणजे पोटातला रक्तस्राव डोक्याचं दुखणं वाढवत असण्याची शक्यता होती. शिरेतून लोह दिलं, अर्धशिशीसाठी सुमाट्रिप्टान लिहून दिलं. तीन महिन्यांनी ती पुन्हा डबा घेऊन शाळेत जाऊ लागली.

डोकं आणि आतडं यांचं नातं याहून खोल आहे. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. अर्धशिशीत चेहऱ्याच्या मज्जातंतूंमधून सुटणारं सीजीआरपी हे द्रव्य आतड्याच्या मज्जातंतूंतही असतं. ते अडवणारं एरेनुमॅब हे औषध २०१८ मध्ये अर्धशिशीसाठी आलं, तेव्हा काही रुग्णांना बद्धकोष्ठ होऊ लागलं. दक्षिण कोरियात एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्धशिशी असलेल्यांना आतड्याच्या दाहाचा आजार होण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे १.३ पट दिसलं. मुळात हा आजार विरळा, त्यामुळे अर्धशिशीच्या प्रत्येक रुग्णाने घाबरून कोलोनोस्कोपी करून घ्यायचं कारण नाही. एक आजार दुसऱ्याला जन्म देतो, असंही त्यातून सिद्ध होत नाही.

हे दोन्ही आजार ज्यांच्या घरात आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दोन्ही फायली दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेली प्रत्येक गोळी त्यांना सांगा. आणखी एक : आतड्याचा हा दाह भडकलेला असताना रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, क्वचित मेंदूच्या शिरेतही. डोकेदुखी नेहमीपेक्षा वेगळी वाटली, दिसणं अंधूक झालं किंवा हातापायातली ताकद गेली, तर अर्धशिशी समजून घरी थांबू नका. त्याच तासाला रुग्णालय गाठा.