हातास लागलेली राळ

निवृत्तीनंतर मांडवीकाठी बसता बसता आम्हांस गळाच्या काठ्या बांधण्याचा नाद लागला. काठीवर कड्या धाग्याने आवळायच्या आणि वर एपॉक्सी राळेचा लेप द्यायचा. तो ओघळतोच, पण घट्ट होण्यापूर्वी स्पिरिटच्या बोळ्याने सहज निघतो. त्याच बोळ्याने आम्ही हातही पुसत असू, ही आमची बुद्धी! वर्षभरात बोटांच्या बेचक्यांत चट्टे उठले. स्पिरिटने राळ पातळ होऊन कातडीत मुरते आणि एकदा जडलेले वावडे बहुधा जन्मभर सुटत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. हात साबणपाण्यानेच धुवावयाचे, मुळात हातमोजे घालावयाचे, हे तेव्हा कळले. नातवाची काठी अर्धीच राहिली होती. ती आता तोच हातमोजे घालून पुरी करतो आहे, आणि आम्ही खिडकीशी दूर बसून ‘धागा सैल आहे रे’ म्हणतो.