साखरखेर्ड्याचें रान

सिंदखेडराजास लखुजी जाधवांचा वाडा व समाधि पाहून आम्ही साखरखेर्ड्यास गेलों. बुलढाणा जिल्ह्यांत आलेला मनुष्य जिजाऊसाहेबांच्या जन्मगांवीं जातोच. साखरखेर्ड्यासाठीं मात्र सहसा कोणी वाट वांकडी करीत नाहीं. वास्तविक १७२४ च्या ऑक्टोबरांत येथेंच हैदराबादच्या निजामशाहीचा पाया पडला. दिल्ली दरबाराच्या चिथावणीनें सुभेदार मुबारिजखान निजामुल्मुल्कावर चालून आला. बाजीराव पेशव्यांची फौज निजामाच्या बाजूस होती. खान मारला गेला, आणि निजामानें गांवाचें नांव फत्तेखेर्डा ठेविलें. लोकांच्या तोंडीं तें टिकलें नाहीं, हें बरेंच झालें!

आतां तेथें सोयाबीन व कापूस. बांधावर उभे असतां आमच्या मनांत सेनापतींपेक्षां सामान्य शिपायाच्या हातांतील बंदुकीचाच विचार घोळत होता. ती तोड्याची बंदूक. सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेल्या दोरीचें टोंक सारखें धुमसत ठेवावयाचें, दारू व गोळी नळीच्या तोंडांतून गजानें ठासावयाची, कानावर बारीक दारू घालावयाची. चाप ओढला म्हणजे जळता तोडा त्या दारूवर पडे. पावसाची एक सर आली कीं बंदुकीची काठी होई. हल्लींच्या लष्करी रायफलीचें कूळ शोधूं गेल्यास तें या धुमसत्या दोरीपाशीं पोहोंचतें.

युरोपांतील फौजांनीं त्या सुमारास तोडा टाकून चकमकीचा चाप घेतला होता. आमचे लोक मात्र जुन्याला चिकटून बसले, असें म्हणण्याची चाल आहे. आम्हांस ती अर्धीच पटते. इकडील बंदुकीची नळी लांब व मजबूत असे, गोळी दूर जाई, आणि मोडतोड झाली तर गांवचा लोहार ती दुरुस्त करी. चकमकीस उत्तम गारगोटी व पाणी दिलेली पोलादी कमान लागते. ती गांवच्या भात्यावर कशी व्हावी? महादजी शिंद्यांनीं हें ओळखून द बॉयनच्या पलटणींसाठीं आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉच कारागिराकडून तोफा व बंदुका करविल्या. पुढें १८०३ त आग्रा इंग्रजांच्या हातीं गेलें आणि तो उद्योग तेथेंच खुंटला. आमचा खरा तोटा हा.

तिकडे काम पुढें चालूं राहिलें. फॉर्सिथ नांवाच्या स्कॉच पाद्र्यास पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. चकमकीचा भपका पाहून पक्षी उडत, म्हणून त्यानें आघातानें पेटणारी दारू चापास लावली व १८०७ त तिचें पेटंट घेतलें. त्यांतून टोपीची बंदूक निघाली. नळींत पिळाच्या खांचा पाडल्या तर गोळी फिरत सरळ जाते, हें जुनेंच ज्ञान. पण घट्ट गोळी ठासतांना शिपाई टेकीस येई. फ्रान्सच्या मिनीएनें १८४९ त बुडाशीं पोकळ अशी गोळी केली; ती सैल आंत जाई आणि बार होतांच फुगून खांचांत बसे. याच तत्त्वावर १८५३ ची एन्फील्ड रायफल झाली. त्याच वर्षीं निजामानें कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड कंपनीच्या ताब्यांत दिलें! एन्फील्डच्या चरबीच्या काडतुसांनीं पुढें काय घडविलें, तें वाचकांस सांगावयास नको.

मग मागून भरण्याची सोय, नंतर स्कॉटलंडांत जन्मलेल्या व कॅनडांत वाढलेल्या जेम्स ली याचा बोल्ट व खालची काडतुसांची पेटी. यांतून झालेली ली-एन्फील्ड कलकत्त्याजवळ इच्छापुरास बनूं लागली. १९६२ त नेफांत आमच्या जवानांच्या हातीं तीच होती. पाठोपाठ बेल्जियमच्या नमुन्यावरून स्वतः भरणारी एस्. एल्. आर्. आली, जळलेल्या दारूच्या वायूनेंच तिचा बोल्ट मागें सरे. पुढच्या इन्सासमध्यें कलाश्निकोव्हची यंत्ररचना स्पष्ट दिसते. तिला कोणी नक्कल म्हणून हिणवितात. त्यांनीं कलाश्निकोव्हच्याहि आधीच्या बंदुका उघडून पाहाव्या. उसनवारीवांचून झालेली रायफल आम्हांस तरी आढळली नाहीं. उसनें घेऊन कारखाना चालूं ठेवणें, हीच आग्र्यास न साधलेली गोष्ट.

परततांना बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापुरास आलों व भुसावळच्या गाडींत बसलों. वाटेंत वरणगांव लागतें. तेथील सरकारी कारखान्यांत लष्करी रायफलींचीं काडतुसें होतात. बोटाएवढ्या पितळी नळकांड्यांत विस्तव, दारू व गोळी एकत्र बसविलेलीं असतात. साखरखेर्ड्याचा शिपाई तीं तिन्ही निरनिराळीं बाळगी, आणि त्यांतला विस्तव जळता.