विमान चुकलं, बरं झालं!

"कधी येऊन राहिली तू? हळद परवावर आली ना!"

आईचा फोन. आणि मी अंदमानात, हॉस्पिटलच्या बेडवर, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क! आता हिला काय सांगू, की तुझी धाकटी समुद्रात गेली आणि अंगात बुडबुडे घेऊन वर आली?

मी मूळची गडचिरोलीची. पाण्याशी ओळख वैनगंगेपुरती. पुण्यात फ्रीलान्सिंग सुरू केलं, हातात चार पैसे खुळखुळले आणि स्कूबाचं खूळ डोक्यात शिरलं. ताईच्या लग्नाआधी छोटासा ब्रेक म्हणून स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, गाठलं. तीन दिवसांत आठ डाइव्ह. शेवटचा सकाळी, मग फेरीने पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), दुसऱ्या दिवशी विमान. सलग डाइव्ह केले की निदान 18 तास उडायचं नाही, हा नियमही पाळत होते. प्लॅनिंग एकदम परफेक्ट!

संध्याकाळी खांदा ठणकायला लागला. बोटांना मुंग्या. वाटलं, बॅग उचलल्यामुळे असेल. पेनकिलर घेऊ, घरी जाऊन बघू. लग्नघर आहे, नाटकं नकोत. पण सोबतच्या मैत्रिणीने ऐकलं नाही, डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "विमान विसरा. आधी इकडे या."

फंडा असा. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळत जातो. दाब झटपट कमी झाला की तो बुडबुडे होऊन बाहेर येतो, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. हाच डीकम्प्रेशन सिकनेस. आणि नियम पाळूनही तो कधीकधी होतो.

मग विमानाचं काय? केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीवरचा नसतो. तो साधारण 6 ते 8 हजार फुटांवरचा असतो, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंचावरचा. अंगात बुडबुडे घेऊन तिथे गेलं की ते आणखी फुगतात. आज खांदा दुखतोय, उद्या पाय लुळे पडू शकतात. 12 तास, 18 तास हे हिशेब धडधाकट माणसांसाठी. एकदा लक्षणं दिसली की घड्याळ डॉक्टरांच्या हातात!

मला प्रेशर चेंबरमध्ये ठेवलं. दाब वाढवून, ऑक्सिजन देत, जवळपास पाच तास. बाहेर आले तेव्हा मुंग्या गेल्या होत्या. मी लगेच विचारलं, "मग उद्या उडू?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "दोन आठवडे नाही."

चेन्नईचं जहाज होतं, पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सुटणारं. त्या रात्री मी खरंच डगमगले. आता बरं वाटतंय, दोन-अडीच तासांचा तर प्रवास, कोणाला कळणार? मग तिकीट कॅन्सल केलं आणि आईला खरं ते सांगितलं. ती रडली. ताईने फोन घेतला नाही.

अक्षता मी मोबाइलच्या स्क्रीनवर पाहिल्या, नेटवर्क अडखळत होतं तेवढ्या. मग डॉक्टरांना विचारून जहाजात बसले. जवळजवळ तीन दिवस नुसता समुद्र, पुढे चेन्नईहून रेल्वे. चंद्रपूरला बाबा घ्यायला आले होते. मूल, सावली, व्याहाड... वैनगंगेचा पूल आला तेव्हा कुठे हायसं वाटलं.

आता कोणी स्कूबाला निघालं की मी दोनच गोष्टी सांगते. शेवटचा अख्खा दिवस कोरडा ठेवा. आणि डाइव्हनंतर काहीही दुखलं, तर विमानात बसायच्या आधी सांगा, नंतर नाही.

ताई माहेरी आली होती. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे सरकवत म्हणाली, "खांदा दुखते का गं अजून?"